गांवचा हापसा

आज ज्या वस्तूविषयीं मी बोलणार आहें, तिचें नांव ग्रांथिक मराठींत फारसें आढळत नाहीं. खेड्यांत मात्र तें लहान पोराच्याहि तोंडीं असतें. ती वस्तु म्हणजे हापसा. सरकारी कागदांत त्याला हातपंप म्हणतात, आणि ज्या भोंकावर तो बसवितात त्याला विंधन-विहीर. चार-सहा इंच रुंदीचें आणि शंभर-दीडशें फूट खोल असें एक भोंक, त्यावर कमरेइतक्या उंचीचें एक लोखंडी डोकें, त्याला एक लांब दांडा, आणि भोंवतीं सिमेंटचा ओटा. एवढाच त्याचा संसार. तोटी फिरविली कीं पाणी येतें, ह्या संवयींत वाढलेल्या आपणां शहरवासीयांना त्यांत ऐकण्यासारखें तें काय, असें वाटणें साहजिक आहे. परंतु जगांतील कोट्यवधि माणसें आजहि ह्या दांड्याच्या आधारानें जगत आहेत. आणि तो दांडा हालेनासा झाला म्हणजे त्यांच्या घरांत काय होतें हें ध्यानांत आल्यावांचून ‘सर्वांना स्वच्छ पाणी’ ह्या शब्दांना कांहीं अर्थ येत नाहीं.

आंकडे थोडक्यांत सांगतों. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांनीं २०२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें, २०२४ सालीं जगांतील सुमारें २१० कोटी माणसांना, म्हणजे दर चारांपैकीं एकाला, घरापाशीं, हवें तेव्हां आणि निर्दोष असें पाणी मिळत नव्हतें. त्यांतील दहा कोटींहून अधिक लोक तर नदी, ओढा किंवा डबकें ह्यांचें पाणी जसेंच्या तसें पीत होते. शौचाची सुरक्षित व्यवस्था नसलेल्यांची संख्या ३४० कोटी. आणि घरीं हात धुण्यास साबण व पाणी ह्यांची सोय नसलेल्यांची १७० कोटी. २८ जुलै २०१० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें पाणी आणि मलनिःसारण हा मनुष्यमात्राचा हक्क आहे असा ठराव केला. १२२ राष्ट्रांनीं अनुकूल मत दिलें, ४१ तटस्थ राहिलीं, विरुद्ध मत एकहि पडलें नाहीं. ठरावानें मात्र कोणाचा हापसा चालत नाहीं.

हापशाचें पहिलें श्रेय कोणतें म्हणाल, तर त्यानें पाण्यावर झांकण घातलें. आपल्याकडील जुन्या बारवा आणि पायऱ्यांच्या विहिरी दिसावयास फार सुंदर. बांधणाऱ्यांनीं मोठ्या पुण्यबुद्धीनें त्या बांधल्या. पण पायऱ्या उतरून माणूस पाण्यांत पाय घालूं शकतो, हाच त्यांचा दोष. आणि ह्या एका दोषावर एका रोगाचें सारें चक्र फिरत होतें. तो रोग म्हणजे नारू. आजच्या तरुण श्रोत्यांनीं नारूचा रोगी पाहिला नसेल. आपल्या आजोबा-पणजोबांना विचारण्याची सोय असेल तर विचारून पाहावें. हातभर, कधीं दोन हात लांब असा एक दोऱ्यासारखा किडा माणसाच्या पायांतून फोड करून बाहेर येतो. आग इतकी होते कीं, रोगी थंडाव्यासाठीं पाय पाण्यांत बुडवितो. तेवढ्यांत तो किडा आपलीं लक्षावधि पिलें पाण्यांत सोडतो. डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यांतील सूक्ष्म जीव तीं पिलें गिळतात. तेंच पाणी गाळल्यावांचून पिणाऱ्याच्या पोटांत तीं जातात. आणि वर्षभरानें त्या माणसाच्या पायाला फोड येतो. किडा ओढून काढावा तर तुटतो आणि पाय सडूं लागतो, म्हणून काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळीत बसावयाचें. ऐन पेरणीच्या दिवसांत घरचा कर्ता पुरुष असा आठवडेच्या आठवडे खाटेवर. ह्या रोगाला औषध नाहीं, लस नाहीं. माणसाचा पाय आणि पिण्याचें पाणी ह्यांची गांठ पडूं न देणें, एवढाच उपाय.

तो उपाय झाला. पाणी फडक्यानें गाळणें, रोग्याला विहिरींत उतरूं न देणें, पाण्यांत औषध टाकून ते सूक्ष्म जीव मारणें, आणि पायऱ्यांच्या विहिरीऐवजीं झांकलेली विहीर व हापसा देणें, ह्या चार गोष्टी मिळून. राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक अशा अनेक प्रांतांत पसरलेला हा रोग हिंदुस्थानांत शेवटचा जुलै १९९६ मध्यें आढळला, आणि २००० सालीं आपला देश नारूमुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. १९८६ सालीं साऱ्या जगांत अंदाजें ३५ लाख रोगी होते. २०२४ सालीं मोजून पंधरा. डॉक्टराच्या पेटींतील एकहि गोळी न वापरतां एवढें यश मिळाल्याचें दुसरें उदाहरण शोधून काढणें कठीण आहे.

आतां हा हापसा आला कोठून, तें सांगतों; कारण त्या कथेंत आपल्या महाराष्ट्राचा भाग मोठा आहे, आणि तो आपल्याकडेच थोड्यांना ठाऊक आहे.

१९६६-६७ सालीं बिहार आणि उत्तर प्रदेश ह्या भागांत दुष्काळ पडला, आणि युनिसेफनें कठीण खडक फोडणारीं, हवेच्या दाबानें चालणारीं यंत्रें ह्या देशांत आणलीं. पुढें १९७२-७३ चा महाराष्ट्रांतील दुष्काळ आला. काळ्या कातळांत हातानें विहीर खणावयास महिनेच्या महिने लागत; हीं यंत्रें एक-दोन दिवसांत भोंक पाडून मोकळीं होत. गांवोगांव विंधन-विहिरी झाल्या. त्यांच्यावर पंप कोणते बसविले? तर बिडाच्या लोखंडाचे, युरोप-अमेरिकेंतील शेतकऱ्यांच्या अंगणांत असतात त्यांच्या नकला. तो मूळ पंप एका कुटुंबासाठीं होता. सकाळसंध्याकाळ चार बादल्या काढाव्या आणि दांडा खालीं सोडावा. आमच्या खेड्यांत त्याच्यापुढें रांग लागली.

हा फरक किती मोठा आहे, तें गणितानें पाहूं. पूर्वींच्या सरकारी नियमाप्रमाणें २५० माणसांस एक हापसा, आणि माणशीं ४० लिटर पाणी धरलेलें असे. म्हणजे दिवसाला १०,००० लिटर. मिनिटाला चाळीस हेलकावे दिले तर सुमारें १२ लिटर पाणी येतें. ह्याचा अर्थ असा कीं, तेवढें पाणी काढावयास जवळ जवळ चौदा तास अखंड हापसलें पाहिजे, आणि दांडा दिवसाकांठीं सुमारें तेहतीस हजार वेळां खालींवर झाला पाहिजे. त्यांत पोरें दांड्याला लोंबकळतात तें वेगळेंच. बिडाचे ते नाजूक सांधे आणि खिळे किती दिवस टिकणार? १९७५ च्या आगेंमागें पाहणी झाली तेव्हां दर चार पंपांपैकीं तीन बंद आढळले. भोंकें पाडण्यावर झालेला सारा खर्च जमिनींत गेला होता. आणि बायका पूर्वींप्रमाणें ओढ्याला झरे खणून वाटीवाटीनें पाणी भरीत होत्या.

परंतु कांहीं ठिकाणचे पंप चालू होते, आणि ते कोणाचे आहेत ह्याचा शोध घेतां घेतां लोक मराठवाड्यांतील जालन्याला आणि तेथून सोलापुरास पोहोंचले. जालन्यास विहिरी पाडून देणाऱ्या एका ख्रिस्ती मिशनच्या मंडळींनीं बिडाऐवजीं पोलाद वापरून आणि अनेक सांध्यांऐवजीं एकच सांधा ठेवून आपला पंप केला होता. सोलापुरास त्यांत आणखी सुधारणा झाली. सोलापुरी पंपाची युक्ति साधी आणि अगदीं जातिवंत कारागिराची होती. दांड्याचें टोंक कमानीसारखें वांकवून त्यावर एक साखळी टाकली, आणि त्या साखळीला विहिरींतील सळई टांगली. साखळी लवचिक असल्यामुळें दांडा कसाहि हालला तरी सळई सरळच वर ओढली जाते. बाजूला घांसत नाहीं, झिजत नाहीं. खालीं यावयाचें काम ती स्वतःच्या वजनानें करते. उथळ विहिरींत सळईचें वजन कमी पडतें आणि साखळी ढिली पडून उसळते, हें व्यंग आहे; परंतु दख्खनच्या कातळांत उथळ विहिरीचा प्रश्न सहसा येत नाहीं.

ह्याच सोलापुरी पंपावरून भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांनीं मिळून नवा पंप सिद्ध केला. कोइमतूर भागांत त्याची परीक्षा घेतली, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रूडास कारखान्यांत तो तयार होऊं लागला, आणि ‘इंडिया मार्क टू’ ह्या नांवानें तो जगभर गेला. त्यावर कोणाचा मक्ता नव्हता. नमुना व मापें सर्वांना खुलीं होतीं. ज्याला जमेल त्यानें करावा, मात्र मापांत रेसभर फरक करूं नये, एवढी अट. १९९५ च्या सुमारास असे पन्नास लाख पंप जगांत बसले होते. युगांडा देशानें तर तोच आपला राष्ट्रीय पंप ठरवून त्याला ‘यू टू’ असें नांव दिलें. सोलापूरची चादर सर्वांना ठाऊक आहे. आफ्रिकेंतील एखादी बाई घागर भरते त्या दांड्याचें कूळहि सोलापूरचें आहे, हें सोलापूरकरांसहि कोणी सांगितलेलें दिसत नाहीं.

येथवर कथा आनंदाची आहे. पुढचा भाग चामड्याच्या एका वाटीचा आहे.

पंपाच्या तळाशीं, पाण्यांत बुडालेला एक दट्ट्या असतो. त्याच्या कडेला चामड्याची, पुढें पुढें रबराची, एक वाटी बसविलेली असते. तिच्यामुळें पाणी निसटत नाहीं. ही वाटी झिजते. ती झिजावी अशीच ती आहे. किंमत अगदीं किरकोळ. परंतु मार्क टूमध्यें ती बदलावयाची तर जमिनींतील सारा नळ, शंभर फूट म्हणाल तर शंभर फूट, तुकड्या तुकड्यांनीं वर काढावा लागे. त्याला तिवई पाहिजे, साखळदंड पाहिजे, चार-सहा दणकट माणसें पाहिजेत, आणि हें सारें घेऊन येणारी मोटार पाहिजे. ती मोटार जिल्ह्याच्या ठिकाणीं. म्हणून व्यवस्था तिहेरी केली होती. गांवांत एक राखणदार, त्याच्याजवळ दोन पाने आणि वंगण. तालुक्याला एक मिस्त्री. जिल्ह्याला मोटारीचें पथक. राखणदारापाशीं पत्ता छापलेलीं पोस्टकार्डें देऊन ठेवलेलीं असत. पंप बिघडला कीं कार्ड टाकावें, पथक येईल. कार्ड पोहोंचे, ह्याविषयीं माझी तक्रार नाहीं. पण दोन रुपयांच्या वाटीसाठीं साऱ्या गांवानें डबक्याचें पाणी प्यावें आणि जिल्ह्याची वाट पाहावी, ह्यांत कांहीं तरी मुळांतच चुकलेलें होतें.

यंत्रशास्त्रज्ञांनीं उत्तर काढलें तें असें: नळच अधिक रुंद करावा, म्हणजे तो न हालवितां आंतून दट्ट्या वर खेंचतां येईल. हाच ‘मार्क थ्री’. दोघां माणसांनीं तासाभरांत वाटी बदलावी, इतका तो सुलभ झाला. रुंद नळामुळें महागहि झाला. तरी पाना धरणारा हात कोणाचा, हा प्रश्न राहिलाच, आणि मला वाटतें खरा प्रश्न तोच आहे.

राजस्थानांत तिलोनिया येथील संस्थेनें १९७० नंतरच्या दशकांतच गांवच्याच तरुणांना हापशाचे मिस्त्री करावयास प्रारंभ केला. त्याहून विलक्षण गोष्ट उत्तर प्रदेशच्या बांदा जिल्ह्यांत १९९० नंतर घडली. ‘महिला समाख्या’ ह्या उपक्रमांतून तेथील दलित आणि कोल जातीच्या निरक्षर बायका हापसा दुरुस्त करावयास शिकल्या. पंप बंद पडला तर दोन मैलांवरून पाणी आणणारी बाईच असते, तेव्हां तो चालू राहावा अशी खरी कळकळ तिलाच असणार, हें उघड आहे. उघड असूनहि तें सुचावयास इतकीं वर्षें लागलीं. घूंघट घेतलेल्या बायका खांद्यावर पाने टाकून दुसऱ्याच्या गांवीं जात आणि ज्या वस्तीवर त्यांना एरवीं कोणी ओट्यावर चढूं दिलें नसतें तेथील पंप उघडून बसत. पुढें त्यांनीं आपण होऊन अक्षरें शिकवा असा हट्ट धरला. दुरुस्तीची वही लिहावयाची होती. साक्षरतेच्या मोहिमा मीं पुष्कळ ऐकल्या आहेत; अक्षरांची गरज अशी सरळ हाताच्या कामांतून उगवलेली थोडी.

वस्तीचा उल्लेख आलाच आहे तर महाराष्ट्रांत बसून एक गोष्ट सांगावीच लागेल. पाण्यांत जंतु नसणें पुरेसें नसतें. त्या पाण्यापर्यंत जाण्याची मुभाहि असावी लागते. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधि अनुयायी ओंजळभर पाणी प्याले, आणि त्या ओंजळीचा निकाल न्यायालयांत लागावयास १९३७ साल उजाडलें. विंधन-विहीर कोठें पाडावयाची हें भूगर्भशास्त्रज्ञानें ठरवावें असा नियम आहे. पण भूगर्भशास्त्रज्ञाला गांवांत जागा दाखवावयास कोण नेतो, हेंहि पाहावें लागतें. ज्या आळींत पाटील राहतो तिच्याखालींच पाणी पुष्कळदां कसें सांपडतें, ह्याचें उत्तर भूगर्भशास्त्रांत नाहीं.

हापशाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. वरून येणारी घाण तो थोपवितो. खडकांत विरघळलेलें विष त्याला ओळखूं येत नाहीं. बांगला देशांत हगवण आणि पटकी ह्यांच्यापासून मुलें वांचावींत म्हणून लक्षावधि नळ-विहिरी झाल्या. हेतु उत्तम, पाणी कांचेसारखें स्वच्छ. आणि १९९३ सालीं कळून आलें कीं त्यांतील कित्येकांत सोमल आहे. पश्चिम बंगालच्या खेड्यांत तर ही गोष्ट त्याच्या दहा वर्षें आधींच, रोग्यांच्या कातडीवरील डागांवरून, कलकत्त्याच्या डॉक्टरांच्या लक्षांत आली होती. पुढें बांगला देशानें सुमारें पन्नास लाख विहिरी तपासल्या. निर्दोष पंपांना हिरवा रंग दिला, सदोष पंपांना तांबडा. शंभरांत जवळ जवळ तीस तांबडे निघाले. अधिक खोल गेलें तर बहुधा निर्दोष पाणी लागतें. पण खोल विहीर महाग, आणि तांबडा हापसा दारांतच. तान्हें मूल रडत असतांना आई कोणत्या हापशाकडे जाते, हें रंग देणाऱ्याला ठाऊक नसतें.

आणि निर्दोष पाणी घरापर्यंत निर्दोष राहतेंच असेंहि नाहीं. हापशाच्या तोंडाशीं शुद्ध असलेलें पाणी घरांतील हंड्यांत पुष्कळदां दूषित आढळतें. कारण साधें आहे. पेला बुडवितांना बोटें बुडतात. आपल्या आज्या पाण्यासाठीं लांब दांड्याचें ओगराळें ठेवीत आणि हंड्याला कोणाचा हात लागूं देत नसत. त्यामागें सोंवळें-ओंवळें किती आणि शहाणपण किती हा वाद बाजूला ठेवला, तरी ओगराळें चांगलें. हात धुण्याचें मात्र पाण्याच्या अंतरावर अवलंबून असतें. जाऊन-येऊन अर्धा तास लागूं लागला कीं घरांत येणारें पाणी कमी होतें, आणि कमी झालेल्या पाण्यांत पहिली काटछांट हात धुण्यावर होते. पिण्यावर नव्हे, स्वयंपाकावर नव्हे. ‘हे लोक अस्वच्छ असतात’ असें सहज म्हणणाऱ्यानें एक दिवस वीस लिटरांचा हंडा मैलभर डोक्यावरून आणावा, आणि मग त्यांतील किती पाणी मुलांच्या हातांवर ओतावेंसें वाटतें तें पाहावें.

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंत आज आपल्या जुन्याच कथेची पुनरावृत्ति चालली आहे. वीस देशांची माहिती गोळा करून २००९ सालीं केलेल्या एका अंदाजांत दर १०० हापशांपैकीं सुमारें ३६ बंद होते. युगांडांत कांहीं भागांतील पाणी आम्लधर्मी आहे. तें जस्ताचा मुलामा दिलेले नळ खाऊन टाकतें. पाण्याला तांबूस रंग आणि लोखंडाची चव येते, कपडे पिवळे पडतात, आणि लोक पुन्हां डबक्याकडे वळतात. तेथील सरकारनें २०१६ सालीं असे नळ बंद केले. पंप देणाऱ्या परोपकारी संस्थांची त्या खंडांत वाण नाहीं. उद्घाटनाचें छायाचित्र काढून त्या परत जातात. दुसऱ्या वर्षीं वाटी झिजते, तेव्हां छायाचित्रकार नसतो.

केनियांतील क्युसो नांवाच्या कोरड्या मुलुखांत २०१३ च्या सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं एक प्रयोग केला. हापशाच्या दांड्यांत एक लहानसें यंत्र बसविलें. दांडा किती हालला तें मोजावयाचें आणि भ्रमणध्वनीच्या मार्गानें कळवावयाचें, एवढेंच त्याचें काम. दांडा थांबला कीं मिस्त्रीला वर्दी. त्या मुलुखांत मिस्त्रीला ‘फुंदी’ म्हणतात. पूर्वीं तेथें बिघडलेला पंप चालू व्हावयास सरासरीनें सत्तावीस दिवस लागत. ते तीन दिवसांच्या आंत आले. आणि जे लोक पाण्याला पैसे देत नाहींत असें सारे म्हणत होते, तेच पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक वर्गणी द्यावयास तयार झाले. बंद पंपाची वर्गणी कोण देणार? आतां अशा हापशांची राखण करणाऱ्या मंडळ्या तेथें उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्यापुढेंहि अडचण आहे. पावसाळा आला कीं दाराशींच डबकीं भरतात, हापशावरची गर्दी ओसरते आणि वर्गणी मंदावते. फुंदीला मात्र बाराहि महिने पगार द्यावा लागतो. ती तूट भरून काढण्यासाठीं देणगीदारांच्या पैशांचा एक विश्वस्त निधि ठेवलेला आहे, आणि सध्यां हापसे त्याच्या बळावर चालतात.